झेडमधली वही

राजुरा,
२० ऑक्टोबर २०२३

आदरणीय शफीचाचा,
नीलिमाचा नमस्कार.

फोनवर मी तीनदा ओरडून सांगितलं आणि तिन्ही वेळा तुम्ही "हो हो, जेवण झालं" म्हणालात, म्हणून हे पत्र. अडतीस वर्षं विंगेत भोंग्याच्या शेजारी बसून नटांना वाक्यं पुरवणाऱ्या माणसाला फोनवर कॉम्प्युटर शिकवायला जाऊ नये, एवढं मला कळलं. नाटक कंपनीची गाडी आज राजुऱ्यावरून वडशाला जाते आहे, ड्रायव्हरच्या हाती देते.

बाबांचं नाटक पूर्ण झालं. 'खाणीतला जावई', अंक चार. पक्षाघाताच्या झटक्यात उजवा हात गेला तो गेलाच. दोन वर्षं ते बोलत गेले आणि मी कॉलेजच्या ऑफिसातून आल्यावर टाइप करत गेले. त्यांच्या हातचा एकही कागद नाही. अजयभाऊंच्या कंपनीला हे नाटक द्यायला ते तयार आहेत, पण प्रॉम्प्टर तुम्ही असाल तरच. आणि दुसरी अट तुम्हाला माहीत आहे. वही एकच.

ब्रह्मपुरीला दुसऱ्याच कंपनीच्या मंडपात स्वतःचं नाटक दुसऱ्याच्या नावाने पाहून बाबा परत आले, तेव्हा मी सातवीत होते. तुम्ही दोघांनी आमच्या ओसरीत शपथ घेतलेली मला आठवते. यापुढे नाटकाची नक्कल काढायची नाही, हंगामात वही प्रॉम्प्टरच्या पेटीत राहील आणि हंगाम संपला की लेखकाच्या घरी परत येईल. ती शपथ अजून चालू आहे. म्हणून झेरॉक्स नको, पेनड्राइव्ह नको, मोबाइलवर पाठवणं तर नकोच.

मी एक वेब फोल्डर घेतला आहे. नागपूरच्या कुठल्यातरी मोठ्या मशीनमध्ये आपलं एक कपाट आहे असं समजा. चावी फक्त तुमच्याकडे आणि माझ्याकडे. कंपनीचा लॅपटॉप सुरू करा आणि 'धिस पीसी' उघडा. त्यात 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' आहे, ते दाबा. ते एक अक्षर मागेल, झेड द्या. मग सोबतच्या चिठ्ठीवरचा पत्ता जसाच्या तसा टाका, एक टिंबसुद्धा सोडू नका. शेवटी पासवर्ड. तो चिठ्ठीवर नाही. तुमच्या पहिल्या हंगामात ज्या नटीला तुम्ही भलतंच वाक्य दिलंत आणि तिने ते तसंच ठोकून दिलं, तिचं नाव इंग्रजी अक्षरांत, पुढे तुमचं आत्ताचं वय.

एवढं झालं की तुमच्या लॅपटॉपमध्ये झेड नावाची जागा दिसेल आणि तिच्यात नाटक असेल. बाबांनी इथे एखादं वाक्य बदललं की तुम्हाला तिथे बदललेलं दिसेल. पुढची चिठ्ठी तुम्ही त्यातच ठेवा, मला मिळेल.

तुमची,
नीलिमा

---

देसाईगंज वडसा,
५ नोव्हेंबर २०२३

प्रिय बेटी नीलिमास,
शफीचाचाचे आशीर्वाद.

ही चिठ्ठी झेडमध्येच ठेवतो आहे. सापडली तर समज की मी पास झालो.

चार दिवस गेले. पत्ता मी सात वेळा टाकला, दर वेळी मशीन म्हणे की हे नाव सापडत नाही. शेवटी आमची आफ्रीन आली. ती म्हणाली, "अब्बा, यात वेब फोल्डरवालं काम करणारी सर्व्हिसच बंद आहे. तुम्ही सात वर्षं पत्ता टाकला असता तरी का झालं असतं?" तिने कुठेतरी आत जाऊन ते सुरू केलं आणि झेड उगवला. पासवर्ड टाकताना मी तिला तोंड फिरवायला लावलं. पोरगी हसली. त्या नटीची गोष्ट तिच्या आईने तिला कधीच सांगून ठेवली आहे.

नाटक एका बैठकीत वाचलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे अक्षरांना धुरकट कडा दिसतात, पण चौथ्या अंकाला मला कडा दिसल्याच नाहीत, डोळे भरून आले होते. सासऱ्याचं शेत खाणीत जातं आणि त्याच खाणीत जावयाला नोकरी लागते. शेवटी पाळी सुटताना म्हातारा खाणीच्या गेटवर उभा राहतो आणि जावयाशी जे बोलतो, ते सोमाजीभाऊच लिहू जाणे. त्यांना सांग की तीस नाटकांत हे अव्वल आहे. नाही, असं सांगू नकोस, फुगतील. 'बरं आहे' म्हणाला म्हणून सांग.

वहीवर मी पेन्सिलीच्या खुणा करत असे. कुठे थांबायचं, कुठे नट अडखळतो, सगळं कडेला. इथे कडेला काही लिहिता येत नाही, त्याची मात्र सवय होत नाही.

तुझा,
शफीचाचा

---

राजुरा,
३ डिसेंबर २०२३

शफीचाचा,

पास झालात. बाबांना 'बरं आहे' सांगितलं. "शफी बरं म्हणते म्हणजे रडला असन," म्हणाले, आणि दिवसभर खुशीत होते.

दुसऱ्या अंकात मामाचं भांडण त्यांनी निम्मं केलं आहे, झेडमध्ये पाहून घ्या. आता कामाची गोष्ट. मागच्या आठवड्याच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत की कुरखेड्याकडच्या गावात नेटवर्कच नव्हतं, झेड उघडलाच नाही आणि पडदा पाऊण तास थांबला. ते मी बाबांना सांगितलेलं नाही. निघायच्या आधी वडशालाच नाटक झेडमधून उचलून लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर कॉपी करत जा आणि गावात तिथून वाचा. म्हणजे वह्या दोन होतील, मला कळतं. शपथ मी मोडते आहे, तुम्ही नाही. हंगाम संपला की लॅपटॉपवरची तेवढी मिटवून टाका म्हणजे झालं. बाबांपर्यंत हे जाऊ देऊ नका.

चाचा, मी थकले आहे. ऑफिसात सध्या परीक्षेचे फॉर्म आहेत, घरी आल्यावर बाबांची मालिश, मग त्यांचे बदल. एक वाक्य ते पाच वेळा बदलतात आणि पाचव्यांदा पहिलंच ठेवतात. घुग्घुसच्या खाणीवरून प्रफुल महिन्यातून एकदा येतो, केळी ठेवतो आणि पाळीला उशीर होतो म्हणून निघतो. त्याला दोष देत नाही. पण बाबांनी स्वतःच्या मुलावरून जावई लिहिला आहे हे त्याला अजून कळलेलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

नीलिमा

---

वडसा,
१४ जानेवारी २०२४

प्रिय बेटी,

एकोणतीस प्रयोग झाले. सिंदेवाही तालुक्यात बैलांच्या शंकरपटाला आलेली माणसं नाटकाला थांबली आणि मंडपाची कनात काढावी लागली. सासऱ्याचं काम निकेश करतो. तिशीचा पोरगा आहे, पण दाढी लावून गेटवर उभा राहिला की बाया पदर तोंडाशी नेतात. सोमाजीभाऊंनी एकदा पाहायला हवं होतं. गाडीत झोपवून आणता येईल का? डॉक्टर नाही म्हणेल, माहीत आहे, तरी विचारतो.

मी तू सांगितल्याप्रमाणे करतो. निघण्याआधी कॉपी, आल्यावर झेडमध्ये नवे बदल पाहणं. मात्र अजयने विक्की नावाचा नवा मॅनेजर ठेवला आहे. तो आधी कोणत्या कंपनीत होता हे मी लिहीत नाही, तुझ्या बाबांना ब्रह्मपुरी आठवेल. दिवसा मी झोपलो असताना तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला दोनदा दिसला. म्हणतो, "चाचा, गाने टाकून राह्यलो." गाणी टाकायला झेडमध्ये कशाला जायला पाहिजे?

आणखी एक गोष्ट मी शोधून काढली. तू म्हणतेस झेड नागपूरला आहे. पण इथे सी नावाच्या जागेखाली लिहिलंय की ११८ पैकी २१ जीबी शिल्लक, आणि झेडखालीही बरोब्बर तेच, ११८ पैकी २१. सीमध्ये गाणी टाकली की झेडचंही तेवढंच कमी होतं. म्हणजे कपाट एकच, दारं दोन, आणि ते याच लॅपटॉपात आहे. मला म्हाताऱ्याला समजावं म्हणून तू नागपूर म्हणालीस ना? हुशार आहेस.

डोळ्याचं ऑपरेशन हंगामानंतर. तोवर अक्षर मोठं करून वाचतो.

तुझा,
शफीचाचा

---

राजुरा,
२० फेब्रुवारी २०२४

शफीचाचा,

अकरा तारखेला बाबांना दुसरा झटका आला. आठ दिवस चंद्रपूरला दवाखान्यात होतो, काल घरी आणलं. वाचा गेली आहे. आपण बोललेलं सगळं कळतं, हे डॉक्टरही म्हणतात आणि मलाही दिसतं, पण तोंडातून आवाजसुद्धा निघत नाही.

तुमची जानेवारीची चिठ्ठी तेव्हाच वाचली होती, उत्तर राहून गेलं. आता फार लिहिवत नाही.

एक कबूल करून बसले आहे. दवाखान्यात त्यांना म्हटलं, पाडव्याला तुमचं अख्खं नाटक तुम्हाला वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कितीही तास लागोत. त्यांनी आजवर ते तुकड्यातुकड्यांनीच सांगितलंय, सलग कधी ऐकलेलं नाही. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्यांना आता एवढ्याचीच वाट आहे.

तुम्ही प्रयोग चालू ठेवा.

नीलिमा

---

वडसा,
२८ मार्च २०२४

प्रिय बेटी नीलिमास,

लॅपटॉप काल अजयकडे परत केला, म्हणून हे पत्र टपालाने.

हंगाम संपला. एकूण चोपन्न प्रयोग. शेवटचे दहा रोजे धरून केले. सोमाजीभाऊंची खबर वाचल्यानंतरही विंगेत आवाज खाली पडू दिला नाही. त्यांना सांग, शफीने वही अंगाखाली घेऊन झोपावं तशी सांभाळली.

आणि शपथही पाळली, हे त्यांच्या कानाशी जाऊन सांग. तुझ्या सांगण्याप्रमाणे परत देण्याआधी डेस्कटॉपवरचं नाटक मिटवलं, मग कचऱ्याच्या डब्यातूनही काढलं. पाहतो तर झेडमध्ये ते आहेच. लॅपटॉप आता विक्कीच्या हातात जाणार, आणि दुसऱ्या दाराने त्याला ते आयतं मिळणार. पासवर्ड मशीनच लक्षात ठेवतं, ते विचारतही नाही. म्हणून झेडमधलंही मिटवलं. मशीनने विचारलं, कायमचं मिटवायचं का? हो म्हटलं. कायमचंच तर मिटवायचं होतं. आपल्या चिठ्ठ्या मात्र राहू दिल्या, त्या चोरून कोण काय करणार.

आता वही फक्त लेखकाच्या घरी, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये. अडतीस वर्षांत एकदाही माझ्याकडून नक्कल बाहेर गेली नाही. पाडव्याला वाचशील तेव्हा चौथा अंक सावकाश वाच, घाई केलीस तर ते रागावतील.

तुझा,
शफीचाचा

---

राजुरा,
१० एप्रिल २०२४

शफीचाचा,

तुमचं पत्र शनिवारी आलं. मी ते पाडव्याला सावकाश वाचू म्हणून ठेवलं. काल बाबांना उशीला टेकवून बसवलं, धुतलेला सदरा घातला, कॉम्प्युटर त्यांच्या खाटेजवळ ओढला आणि झेड उघडला. आत आपल्या चिठ्ठ्या होत्या, बाकी काही नव्हतं. मग तुमचं पत्र फोडलं.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये नाटक नाही. कधीच नव्हतं. माझ्याकडेही झेडच आहे, तुमच्याकडे होता तोच. दोन वर्षं मी त्यातच टाइप केलं, कारण बाबांनी विचारलं होतं, "तुयाजवळ अलग नक्कल तं नाई ना?" आणि मी खरं बोलता यावं म्हणून ठेवली नाही. ते एकच नाटक होतं आणि ते नागपूरलाच होतं. झेडखाली सीचाच आकडा दिसतो, ही मशीनची खोड आहे. त्याला तिकडचं माप कळत नाही म्हणून ते इकडचंच दाखवतं. झेडमधलं मिटवलं की ते कचऱ्याच्या डब्यातही येत नाही.

फोल्डरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या योजनेत मागची प्रत ठेवत नाहीत. अजयभाऊंना केला. त्यांनी लॅपटॉप त्याच आठवड्यात लग्नाच्या मंडपवाल्याला दिला होता, त्याने तो पूर्ण पुसून गाण्यांनी भरला. विक्कीनेही म्हणे खरंच गाणीच टाकली होती, नक्कल त्याच्याकडेही नाही. चंद्रपूरच्या दुकानात विचारलं, एवढं पुसल्यावर काही निघत नाही म्हणाले.

मला तुमचा राग आला आहे. खोटं कशाला लिहू? एक वाक्य विचारलं असतंत तर? काल दिवसभर मनात तुम्हाला नको ते बोलले. मग जानेवारीची चिठ्ठी पुन्हा उघडली. तुम्ही दोन दारं लिहिलं होतं. मी ते वाचून हसले होते आणि उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा अर्धा राग माझ्यावर आहे आणि तो जास्त त्रास देतो.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, लाइट गेली. पंखा चालू होता.

नीलिमा

---

वडसा,
२१ एप्रिल २०२४

प्रिय बेटी,

माफी मागत नाही, माफी फार लहान पडेल. तुझ्या पत्राआधीच अजयने सांगितलं होतं, ईदला घरात गोड झालं तरी मी हात लावला नाही. आफ्रीनची आई खातून म्हणाली, "जी गोष्ट तुम्ही इमानदारीनं केली, त्याचं पाप लागत नाई." तिला कसं सांगू, की पाप लागलं असतं तर बरं होतं, फेडता तरी आलं असतं.

तू मनात म्हणत असशील, चाचाला तर पाठ असेल. चोपन्न वेळा वाचलंय. बेटी, मला एक ओळ पाठ नाही. हे कोणाला सांगितलं नव्हतं. प्रॉम्प्टरच्या डोळ्यांतून शब्द आत जातो आणि तोंडातून निघून जातो, मध्ये थांबत नाही. थांबला तर पुढचा हुकतो. अडतीस वर्षांत शेकडो नाटकं माझ्या तोंडून गेली, आज एकही माझ्यात नाही.

निकेशकडे गेलो. म्हटलं, गेटवर म्हातारा जावयाला काय म्हणतो? तो डोकं खाजवत राहिला. "चाचा, तुम्ही म्हटलं ते मी म्हटलं. दुसऱ्या रोजी पुन्हा तुम्ही म्हटलं ते मी म्हटलं. मले काऊन पाठ असन?" सगळ्या नटांना विचारलं. कोणाला गाणं आठवतं, कोणाला विनोद. ते बोलणं ऐकून बाया रडल्या हे प्रत्येकाला आठवतं. काय ऐकून, ते एकालाही सांगता येत नाही.

आता एकच रस्ता दिसतो. लोक मोबाइलवर नाटक काढतात. कंपनीकडे गावांची यादी आहे. मी फिरतो. ऑपरेशन पुढे ढकललं आहे, ओरडू नकोस.

शफीचाचा

---

वडसा,
२० मे २०२४

प्रिय बेटी,

तुझं उत्तर आलं नाही, यावं अशी अपेक्षाही नव्हती. तरी लिहितो.

तेवीस गावं झाली. एस.टी.ने जायचं, कोणाच्या तरी ओसरीवर बसायचं आणि विचारायचं, हिवाळ्यात नाटक झालं होतं, कोणी काढलं होतं का? उन्हामुळे दुपारी कोणी बाहेर नसतं. तेंदूपत्त्याचे दिवस, माणसं पहाटेच जंगलात जातात आणि आल्यावर पुडे बांधत बसतात. बहुतेकांनी मोबाइल भरला म्हणून पुसलेलं. पण सिंदेवाहीकडे रुखमाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. नात पुण्याला कामाला आहे, तिला दाखवायला त्यांनी पहिले दोन अंक पूर्ण काढून ठेवले होते. "पोरीले गावचं नाटक पाहाले भेटत नाई जी," म्हणाल्या. मला बसवून भाकर आणि आंब्याची चटणी दिली. तिसरा अंक नागभीडच्या एका शिंप्याकडे मिळाला, चौथ्याचे तुकडे चार ठिकाणी.

आफ्रीनने सगळं मेमरी कार्डात भरलं. तिच्या कॉम्प्युटरवर झेड उघडून त्यात टाकून पाहिलं, एवढी मोठी फाइल तो घेत नाही, म्हणून कार्डच पाठवतो. पोस्टाने नाही, आफ्रीन स्वतः घेऊन येते आहे.

दोन गोष्टी सांगतो, मग तुझी मर्जी. पहिली लाजेची आहे. कार्डात नटांचा आवाज लांबून येतो, मंडपाचा गोंगाट आहे. स्वच्छ ऐकू येतो तो माझा. विंगेतला माइक जवळ होता, त्याने माझं प्रत्येक वाक्य नटाच्या आधी उचललं. मी जन्मात माझा आवाज ऐकला नव्हता. असा कोरडा, हिशेबी माणूस इतकी वर्षं तुझ्या बाबांची वाक्यं वाचत होता, हे मला माहीत नव्हतं.

दुसरी जास्त वाईट. शेवटचा प्रवेश कोणाकडेच नाही. गेटवरचा. तोवर उजाडायला येतं आणि सगळ्यांची बॅटरी संपलेली असते. म्हातारा चालत येतो, खाणीचा भोंगा वाजतो आणि तेवीस गावांतला प्रत्येक मोबाइल तिथे किंवा त्याआधी बंद होतो.

शफी

---

राजुरा,
९ जून २०२४

शफीचाचा,

मी उत्तर दिलं नाही, कारण काय लिहिलं तरी ते रागाचं झालं असतं. आफ्रीन आली, दोन दिवस राहिली, तिने माझ्या हातातलं काम काढून घेतलं आणि मला झोपायला लावलं. तिच्याकडून कळलं की एका एस.टी. स्टँडवर तुम्ही पायरी न दिसून पडलात. ते तुम्ही लिहिलं नाहीत.

बाबांना मी खरं सांगितलं. सगळं, तुमचं आणि माझं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी मोबाइलमध्ये कार्ड लावलं. आधी तुमचा आवाज, मग नटाचा, मग तुमचा. पहिला अंक त्यांनी डोळे मिटून ऐकला, मला वाटलं झोपले. दुसऱ्या अंकात मामाचं भांडण आलं. तिथे तुम्ही एक ओळ गाळली होतीत, घाईत असेल किंवा अक्षर दिसलं नसेल. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "नाई."

साडेतीन महिन्यांनी, चाचा. माझ्या हातातलं भांडं पडलं. मी म्हटलं, बाबा, काय? ते माझ्याकडे न बघता मोबाइलकडे बघत होते, रागाने. "नाई." जी ओळ गाळली ती मला आठवत होती, पाच वेळा बदललेली होती ना. मी म्हणून दाखवली. ते गप्प झाले आणि मान उशीवर टेकली.

त्यानंतर दुसरा शब्द आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित तेवढाच राहील. पण त्या एका शब्दावर आम्ही तीन अंक आणि चौथा गेटपर्यंत लिहून काढला. मी रोज संध्याकाळी ऐकते, टाइप करते, मग वाचून दाखवते. चुकलं की ते "नाई" म्हणतात. बरोबर असलं की गप्प. आता मी सहा प्रती ठेवल्या आहेत. झेडमध्ये, माझ्या कॉम्प्युटरवर, मोबाइलवर, ऑफिसात, प्रफुलकडे आणि एक छापून. हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "नाई." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही.

राहिला गेटवरचा प्रवेश. तिथे माझी गाडी अडली आहे. तो मी टाइप केला होता, पण रडत केला होता, आणि आता मला फक्त रडणं आठवतं. तरी अंदाजाने वाक्यं करते. म्हातारा म्हणतो, माझी जमीन तू खणतोस. "नाई." म्हातारा म्हणतो, घरी चल. "नाई." म्हातारा विचारतो, दमलास का? त्यावर ते जरा थांबले, मग "नाई." प्रफुलला बोलावलं, त्याने कार्डावर होतं तेवढं नाटक ऐकलं आणि अंगणात जाऊन बसला. मग आत आला, त्यानेही दोन वाक्यं करून पाहिली. त्याला "नाई" जरा हळू मिळालं.

आठ दिवस झाले, दोनशेच्या वर वाक्यं झाली असतील. मला आता सुचत नाही. ते सांगू शकत नाहीत आणि सोडतही नाहीत. संध्याकाळ झाली की डाव्या हाताने खाट वाजवून मला बोलावतात. सदरा घामाने भिजतो, तरी पुढचं वाक्य मागतात. त्यांच्या आत ते अख्खं आहे, चाचा, आणि बाहेर यायला एकच दार आहे.

आधी ऑपरेशन करून घ्या, ही माझी अट. मग या. ते वाक्य तुमच्या तोंडून चोपन्न वेळा गेलं आहे. तुम्हाला आठवत नाही ते मी मानते, आठवायला मी बोलावतही नाही. खाटेजवळ बसा, तुमच्या त्या कोरड्या आवाजात सुचेल ते म्हणत राहा, चुकीचं म्हणत राहा. माझ्या चुकांना ते आता कंटाळले आहेत. काल आफ्रीनचा फोन आला तेव्हा मी त्यांना विचारलं, शफीचाचाला बोलवायचं नाही, बरोबर ना?

म्हणाले, "नाई."

तुमची,
नीलिमा